उबुंटूवर पर्लचे मॉड्यूल बसत नाही: डिपेंडन्सीची खरी त्रुटी कुठे शोधावी?

हिशेब_घाटंजी (प्रश्न)

नमस्कार. घाटंजी तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेब आणि पावत्यांचे काम पाहते. आमचे सभासद ज्या जिनिंगवर कापूस नेतात, तिथून रोज सायंकाळी एक तक्ता येतो. त्यात काटापावतीचा क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, गाव, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन, ओलाव्याची टक्केवारी आणि भाव असे रकाने असतात. या तक्त्यावरून गावनिहाय यादी आणि प्रत्येक सभासदाची पावती तयार करणारा पर्ल या भाषेतील एक प्रोग्राम माझ्या भाच्याने शिकत असताना लिहून दिला होता. तो एका जुन्या संगणकावर रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीतून) आपोआप चालतो. त्या संगणकावर उबुंटूची सर्व्हर आवृत्ती आहे आणि मी कार्यालयातील लॅपटॉपवरून त्यात लॉग इन करते.

मागील हंगामापर्यंत जिनिंगकडून सीएसव्ही फाइल येत असे आणि ती टेक्स्ट::सीएसव्ही_एक्सएस या मॉड्यूलने (प्रोग्रामला जोडायच्या तयार भागाने) वाचली जात असे. या हंगामात त्यांनी एक्सएलएसएक्स फाइल पाठवायला सुरुवात केली. म्हणून भाच्याने प्रोग्राममध्ये स्प्रेडशीट::पार्सएक्सएलएसएक्स वापरण्याचा बदल करून पाठवला. गावांची यादी मात्र अजून सीएसव्हीतूनच वाचली जाते. दरम्यान उन्हाळ्यात, खरेदी बंद असताना, आम्ही उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेले आहे.

आता सीपॅनएमने (पर्लची मॉड्यूले उतरवून बसवणाऱ्या साधनाने) नवे मॉड्यूल बसवायला गेले की बऱ्याच ओळी सरकतात आणि शेवटी असा संदेश येतो की एक्सएमएल::ट्विग बसलेले नाही, म्हणून स्प्रेडशीट::पार्सएक्सएलएसएक्सची स्थापना सोडून दिली आहे. एक्सएमएल::ट्विग वेगळे बसवून पाहिले, तर ते एक्सएमएल::पार्सर नसल्याचे सांगते, आणि एक्सएमएल::पार्सर बसवायला घेतले की ‘कॉन्फिगरिंग’ या शब्दापुढे ‘एन/ए’ असे लिहून ते थांबते. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून आहे आणि अधूनमधून तुटते, त्यामुळे फाइल अर्धवट उतरत असावी अशी मला शंका आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

वर्धा_टर्मिनल

ताई, इंटरनेटचा दोष असता तर प्रत्येक वेळी त्याच मॉड्यूलवर आणि त्याच टप्प्यावर गाडी अडली नसती. फाइल उतरली नाही तर सीपॅनएम ‘फेचिंग’च्या ओळीवरच अपयश दाखवते, तुमच्याकडे ती ओळ पार होऊन काम ‘कॉन्फिगरिंग’पर्यंत पोहोचले आहे, याचा अर्थ फाइल पूर्ण उतरली आणि उघडलीही आहे.

डिपेंडन्सीची, म्हणजे एका मॉड्यूलला लागणाऱ्या दुसऱ्या मॉड्यूलांची, साखळी तुम्ही स्वतःच शेवटच्या कडीपर्यंत शोधली आहे, फक्त ती कडी पर्लच्या बाहेर आहे. एक्सएमएल::पार्सर हे पूर्णपणे पर्लमध्ये लिहिलेले मॉड्यूल नाही. ते एक्सपॅट नावाच्या सी भाषेतील लायब्ररीवर बेतलेले असून बसवताना त्याचा काही भाग कंपाइल करावा, म्हणजे संगणकाला थेट चालवता येईल अशा रूपात आणावा लागतो. त्यासाठी एक्सपॅटची हेडर फाइल, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे हे कंपायलरला सांगणारी फाइल, लागते. उबुंटूत एक्सपॅट लायब्ररी बहुधा आधीपासून असते, कारण इतर अनेक प्रोग्राम ती वापरतात; परंतु चालवण्यापुरती लायब्ररी आणि कंपाइल करण्यासाठी लागणारी हेडर फाइल ही दोन वेगळी पॅकेजे आहेत. दुसऱ्या पॅकेजचे नाव लिबएक्सपॅट१-डेव्ह असे आहे. सीपॅनएमला फक्त पर्लची मॉड्यूले आणता येतात. सीची लायब्ररी आणणे हे त्याचे काम नाही, म्हणून ते तिथे हात टेकते.

‘एन/ए’ हा शेरा का येतो, तेही सांगतो. एक्सपॅट सापडले नाही की एक्सएमएल::पार्सरची मेकफाइल.पीएल ही फाइल कोणताही गोंधळ न करता, मेकफाइल (बांधणीच्या सूचनांची फाइल) तयार न करताच बाहेर पडते. पर्लच्या जगात असे बाहेर पडण्याचा संकेत असा की, मॉड्यूलमध्ये दोष नाही, या संगणकावर त्याला लागणारी वस्तू नाही. म्हणून ‘फेल’ऐवजी ‘एन/ए’ लिहिले जाते, आणि नवख्या माणसाला त्यातून काहीच उमगत नाही. प्रत्यक्ष कारण मात्र लॉगमध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलेले असते. तुमच्या होम निर्देशिकेत .सीपॅनएम या लपलेल्या फोल्डरमध्ये बिल्ड.लॉग नावाची फाइल आहे, तीत सर्वांत अलीकडच्या प्रयत्नाची नोंद असते. ती शेवटापासून न वाचता, वरून खाली येत पहिले अपयश जिथे दिसेल तिथे थांबा. एक्सपॅट आधी बसवलेले असणे आवश्यक आहे आणि ते नेहमीच्या जागी सापडत नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ तुम्हाला तिथे दिसेल. त्याखालची ट्विगची आणि पार्सएक्सएलएसएक्सची रड ही नुसती त्या ओळीची सावली आहे.

उपाय असा: आधी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबएक्सपॅट१-डेव्ह’, मग एकटे एक्सएमएल::पार्सर, ते बसल्यावर मूळ मॉड्यूल. (आज्ञा मी उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप कराव्यात. ॲप्ट हे उबुंटूची पॅकेजे बसवणारे साधन आहे आणि सुडो म्हणजे आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे.) सी कंपायलर तुमच्याकडे असणारच, कारण टेक्स्ट::सीएसव्ही_एक्सएस हेही कंपाइल होणारे मॉड्यूल आहे आणि ते भाच्याने तिथेच बसवले होते.

कापूस_आणि_कोड

एवढे खोलात जाण्याची गरज नाही असे मला वाटते. सीपॅनएमला ‘फोर्स’ हा पर्याय देऊन चालवावे, म्हणजे ते त्रुटींकडे दुर्लक्ष करून मॉड्यूल बसवून टाकते. आमच्याकडे दारव्ह्याला अनेकदा असेच केले आहे आणि काम भागले आहे.

निवृत्त_प्रणालीकार

‘फोर्स’ने काम भागले असेल, तर तिथली अडचण निराळी असणार. हा पर्याय चाचण्या नापास झाल्या तरी मॉड्यूल बसवतो. मॉड्यूल कंपाइलच झाले नसेल, किंबहुना मेकफाइलच तयार झाली नसेल, तर बसवायला हातात काही उरत नाही. तिफणीची एक नळी तुंबली की मधली ओळ रिकामी राहिल्याचे उगवणीनंतर दिसते, पण काडी घालून मोकळी करावी लागते ती नळीच. चाचण्या अजिबात न चालवण्याचा ‘नोटेस्ट’ हा पर्याय मात्र मी स्वतः क्वचित वापरतो. काही मॉड्यूलांच्या चाचण्या बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधतात आणि हॉटस्पॉट तुटल्यामुळे नापास होतात. तेवढ्यापुरता तो योग्य आहे. चाचणी कोणत्या कारणाने नापास झाली हे लॉगमध्ये न पाहता या दोन्हींपैकी काहीही वापरू नये, विशेषतः जिथे शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब होतो तिथे.

आता थोडा वेगळा सल्ला. वर्धेच्या भाऊंनी दिलेले निदान बरोबर आहे आणि त्यांचा उपायही लागू पडेल, परंतु तुमच्या परिस्थितीत सीपॅनची, म्हणजे पर्ल मॉड्यूलांच्या सार्वजनिक संग्रहाची, वाटच मी घेतली नसती. उबुंटूच्या युनिव्हर्स भांडारात हेच मॉड्यूल तयार पॅकेजच्या रूपात आहे. त्याचे नाव लिबस्प्रेडशीट-पार्सएक्सएलएसएक्स-पर्ल. नावे बनवण्याची रीत ठरलेली आहे: आरंभी लिब, शेवटी पर्ल, आणि मधे मॉड्यूलचे नाव लहान अक्षरांत, दुहेरी अपूर्णविरामांच्या जागी आडवी रेघ. या रीतीने टेक्स्ट::सीएसव्ही_एक्सएसचे पॅकेज लिबटेक्स्ट-सीएसव्ही-एक्सएस-पर्ल होते. ॲप्टने ही दोन्ही बसवलीत की ट्विग, पार्सर आणि एक्सपॅट हे सगळे कंपाइल झालेल्या अवस्थेत आपोआप येते. हेडर फाइलही लागत नाही आणि कंपायलरही. शिवाय पुढे प्रणाली २२.०४ वरून आणखी वर नेली, तर ही पॅकेजे तिच्यासोबतच नव्या पर्लसाठी बदलली जातात. उबुंटू २०.०४ मध्ये पर्ल ५.३० होते, २२.०४ मध्ये ५.३४ आहे आणि २४.०४ मध्ये ५.३८. सीपॅनमधून स्वतः कंपाइल केलेल्या मॉड्यूलांची जबाबदारी प्रत्येक बदलानंतर आपल्यावर येते.

भांडारातील आवृत्त्या जुन्या असतात हा यावरचा आक्षेप खरा आहे, पण वजन जोडणाऱ्या प्रोग्रामला नवीनतम आवृत्तीची निकड नसते. एका बाबतीत दक्ष राहा. पार्सएक्सएलएसएक्स आतून स्प्रेडशीट::पार्सएक्सेल हे मॉड्यूल वापरते, आणि त्याच्या ०.६५ पर्यंतच्या आवृत्त्यांत एक गंभीर छिद्र होते: एक्सेल फाइलमधील आकड्याच्या स्वरूपाची व्याख्या मुद्दाम बिघडवून पाठवली, तर ती फाइल वाचणाऱ्या संगणकावर पाठवणाऱ्याचा कोड चालू शकत असे. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस आलेल्या ०.६६ मध्ये ते बुजवले गेले. भांडारातील पॅकेजांत अशी दुरुस्ती पुष्कळदा मूळ क्रमांक न बदलता केली जाते, म्हणून नुसता क्रमांक पाहून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. ‘ॲप्ट चेंजलॉग’ या आज्ञेपुढे पॅकेजचे नाव देऊन त्या दुरुस्तीची नोंद दिसते का ते पाहा. तुमच्याकडे फाइल बाहेरून येते, म्हणून हे लिहिले.

हिशेब_घाटंजी

काका, भाऊ, दोघांचेही आभार. बिल्ड.लॉग उघडून पाहिली आणि एक्सपॅटची ओळ सांगितल्याप्रमाणेच होती. हंगामात प्रोग्राम बंद ठेवणे परवडणारे नसल्याने मी काकांनी सांगितलेली ॲप्टची वाट घेतली.

सुरुवातीला ‘ॲप्ट अपडेट’ चालत नव्हते. भांडाराची रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, आणखी काही तासांनी होईल, असा चमत्कारिक संदेश येत होता. संगणकाचे घड्याळ पाहिले तर ते मागे होते. गावात वीज गेल्यावर इन्व्हर्टरही उतरला की हा संगणक बंद पडतो, आणि त्याच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असल्याने वेळ टिकत नाही, असे येथील मोबाइल दुरुस्तीवाल्याने सांगितले. सेल बदलला, वेळ नीट केली आणि दोन्ही पॅकेजे कोणत्याही तक्रारीविना बसली.

आता नवीनच कोडे आहे. रात्री क्रॉनमधून प्रोग्राम व्यवस्थित चालतो आणि सकाळी पावत्या तयार असतात. दिवसा मात्र, जिनिंगने दुरुस्त केलेला तक्ता पुन्हा पाठवला आणि मी टर्मिनलवरून हाताने तोच प्रोग्राम चालवला, की टेक्स्ट::सीएसव्ही_एक्सएसच्या नावाने त्रुटी येते: लोड करावयाची फाइल आणि पर्लची बायनरी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि पुढे हँडशेक की म्हणून दोन अगम्य संख्या. हाताने चालते पण क्रॉनमध्ये चालत नाही, अशी तक्रार मी अनेक ठिकाणी वाचली आहे. आमच्याकडे नेमके उलटे झाले आहे.

वर्धा_टर्मिनल

ताई, हे उलटे झाले हेच उत्तराकडे बोट दाखवणारे आहे. क्रॉन आणि तुमचे टर्मिनल एकच पर्ल चालवतात, पण दोघांचे वातावरण वेगळे असते. तुमच्या भाच्याने टेक्स्ट::सीएसव्ही_एक्सएस बसवताना लोकल::लिब वापरले असणार. त्यामुळे मॉड्यूले प्रणालीच्या फोल्डरांत न जाता तुमच्या होम निर्देशिकेतील पर्ल५ या फोल्डरमध्ये गेली आणि .बॅशआरसी या फाइलमध्ये एक ओळ जोडली गेली. तुम्ही लॉग इन करता तेव्हा ती ओळ पर्ल५लिब नावाचे पर्यावरण चल ठरवते. मॉड्यूल शोधताना पर्ल आधी पर्ल५लिबमधील फोल्डर पाहते आणि नंतरच प्रणालीचे. क्रॉन .बॅशआरसी वाचत नाही, म्हणून त्याला ॲप्टने बसवलेली नवी प्रत मिळते. तुम्हाला मात्र पर्ल ५.३० असताना कंपाइल केलेली जुनी प्रत मिळते, आणि ती ५.३४ शी जुळत नाही. शुद्ध पर्लमधील मॉड्यूल असा बदल सहसा निमूटपणे सोसते, कंपाइल झालेले सोसत नाही. लोकल::लिबच्या फोल्डरच्या नावात पर्लची आवृत्ती नसते, त्यामुळे ही जुनी प्रत बाजूला पडण्याऐवजी नव्या पर्लच्या वाटेत उभी राहते. त्या दोन संख्यांचा अर्थ लावत बसू नका; त्या वेगळ्या आहेत एवढेच पुरे.

खात्री करून घ्या. ‘पर्ल -व्ही’ ही आज्ञा (व्ही मोठ्या लिपीतील) चालवलीत की छापलेल्या मजकुराच्या अखेरीस ॲट-आयएनसीची यादी येते, म्हणजे पर्ल कोणत्या फोल्डरांत कोणत्या क्रमाने शोधते ते. तुमच्या होममधील पर्ल५ त्यात सर्वांत वर दिसेल. विशिष्ट मॉड्यूल नेमके कुठून उचलले जाते हे ‘पर्लडॉक -एल’पुढे मॉड्यूलचे नाव देऊनही कळते, मात्र उबुंटूत त्यासाठी पर्ल-डॉक हे पॅकेज आधी बसवावे लागते, अन्यथा तसा निरोप देऊन ती आज्ञा परत फिरते.

त्यानंतर पर्ल५ फोल्डर पुसू नका, त्याचे नाव बदलून पर्ल५-जुने असे ठेवा. .बॅशआरसीमधील लोकल::लिबच्या ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह घाला, लॉग आउट करून पुन्हा आत या आणि प्रोग्राम चालवा. एखादे मॉड्यूल सापडत नाही अशी त्रुटी आली, तर ते फक्त जुन्या फोल्डरमध्ये होते असे समजावे आणि त्याचे लिब-पर्ल नावाचे पॅकेज ॲप्टमध्ये शोधावे. तिथे नसेल तरच सीपॅनकडे वळावे.

निवृत्त_प्रणालीकार

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. एवढीच भर घालतो की, पुढे कधी सीपॅनमधून एखादे मॉड्यूल घ्यावेच लागले, तर ते सुडो देऊन प्रणालीच्या फोल्डरात घालू नये. ते /यूएसआर/लोकल खाली जाते आणि ॲप्टच्या प्रतीच्या आधी सापडते, म्हणजे आज होम निर्देशिकेत झालेला घोटाळा उद्या सर्व वापरकर्त्यांसाठी आणि क्रॉनसाठीही होईल. प्रोग्रामच्या शेजारी वेगळे फोल्डर करून सीपॅनएमच्या मोठ्या एल पर्यायाने त्यात बसवावे आणि प्रोग्रामच्या आरंभी ‘यूज लिब’ने त्यातील लिब/पर्ल५ या फोल्डरचा पूर्ण मार्ग द्यावा. मग टर्मिनल असो की क्रॉन, दोघांनाही तेच सापडते.

हिशेब_घाटंजी

फोल्डरचे नाव बदलले, ओळ बंद केली, आणि आता हातानेही चालते. जुन्या फोल्डरमधील आणखी कोणतेच मॉड्यूल लागले नाही.

एक शेवटचे विचारते. आमच्या दुसऱ्या संकलन केंद्रावर असाच एक संगणक आहे, त्यावरही उबुंटू २२.०४ आहे, परंतु तिथे मोबाइलला रेंजच नाही. पेन ड्राइव्हवरून हेच सर्व तिथे नेता येईल का?

निवृत्त_प्रणालीकार

येईल. आधी दोन्हीकडे ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ चालवून उत्तर एकच येते याची खात्री करा. एएमडी६४ असे उत्तर अपेक्षित आहे.

ॲप्टने उतरवलेल्या .डेब फाइली /व्हार/कॅशे/ॲप्ट/आर्काइव्ह्ज या फोल्डरमध्ये येतात, पण ‘ॲप्ट’ ही आज्ञा स्थापना झाल्यावर त्या पुसून टाकते. ‘ॲप्ट-गेट’ त्या ठेवते. म्हणून इंटरनेट असलेल्या संगणकावर ‘सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली’ असे लिहून पुढे पॅकेजांची नावे द्या. आधीच बसलेली पॅकेजे पुन्हा उतरवताना ती फक्त तुम्ही नाव दिलेलीच उतरवते, त्यांच्या डिपेंडन्सी नाही. म्हणून स्थापनेच्या वेळी कोणकोणती नवी पॅकेजे आली होती ते /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉगमध्ये पाहून ती सर्व नावे एकाच आज्ञेत लिहा. त्या फाइली पेन ड्राइव्हवरील एका रिकाम्या फोल्डरमध्ये घ्या. केंद्रावर त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘सुडो डीपीकेजी -आय *.डेब’ चालवा. एकेक फाइल देत बसलात तर क्रमावरून तक्रारी येतील, सर्व एकदम दिल्या की डीपीकेजी क्रम स्वतः लावते. एखादे पॅकेज राहून गेले असेल तर त्याचे नाव त्रुटीच्या संदेशात छापले जाते. ते लिहून आणून त्याच रीतीने उतरवा.

ती जागा सोडण्यापूर्वी तिथल्या संगणकाचे घड्याळही पाहून घ्या. इंटरनेट नसल्याने ते आपोआप दुरुस्त होणार नाही, आणि क्रॉन त्याच घड्याळावर चालतो.